बापूंना एक नास्तिक पाहिजे होता

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय विचारतो, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. आडनाव काय, गाव कुठलं, लग्न झालंय का, घरात मटण शिजवणार का, मित्र किती येतात, आणि त्यात मैत्रिणी किती. हिंजवडीत नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते, पण आजूबाजूच्या गावांतल्या घरमालकांनी माझी इतकी उलटतपासणी केली होती, की कोर्टात उभं केलं असतं तर मी वकिलाला दमवलं असतं. त्यामुळे चांदे गावात देवरामबापूंच्या ओट्यासमोर उभा राहिलो तेव्हा सगळी उत्तरं जिभेवर तयार होती. बापू प्लॅस्टिकच्या खुर्चीत चक्क मांडी घालून बसले होते. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, मांडीवर भाजलेल्या शेंगांचा वाडगा. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"देव हाय का?"

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. पण समोर गावातला टोपीवाला म्हातारा, मागे भिंतीत तुळशीचा कोनाडा, आणि मी जिंतूरकडचा, आरती झाल्याशिवाय चहा न मिळणाऱ्या घरातला. उत्तर उघड होतं. मी हात जोडून म्हणालो, "आहे ना बापू! तो आहे म्हणून तर आपण आहोत."

"कशावरनं?"

"म्हणजे... एवढं सगळं कुणी बनवलं?"

"कंचं सगळं? समोरचा टावर बिल्डरनं बनवला. त्येच्या मागचा डोंगूर आदीपास्नं हाय. आन् मधला उकिरडा आमीच बनवलाय." बापूंनी टरफलं खाली टाकली. "खोली न्हाई मिळायची. वरच्या सगळ्या खोल्यांत देवमान्सं भरल्यात. एक शनवारी दाढी करीत न्हाई. दुसऱ्यानं परवा गीझर बशिवला तर त्येच्यापुढं नारळ फोडला. तिसरी पोरगी गुनाची हाय, पर उपास लई. गाडी उलाळ झालीया माजी. मला एक नास्तिक पायजे."

खोलीला दोन बाजूंनी खिडक्या होत्या. नळाला पाणी होतं. कंपनी जवळ होती. मी मनातल्या मनात म्हटलं, गणराया, समजून घे. आणि मोठ्याने म्हटलं, "बापू, खरं सांगू का? मी नास्तिकच आहे. मघाशी तुमचा मान राखला."

"कशावरनं?"

"देव असता तर त्याने मला भर उन्हात इतकी घरं हिंडवली असती का?"

बापूंनी शेंगांचा वाडगा माझ्यापुढे केला. माणसं पुस्तकं वाचून नास्तिक होतात, कुणी दुःखाने होतं, कुणी विज्ञानाने. मी दोन खिडक्यांमुळे झालो.

'उलाळ' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं. तरुणपणी बापू बैलगाडीतून भाताची पोती पौडच्या बाजाराला न्यायचे. गाडीच्या मागच्या अंगाला भार जास्त झाला की पुढचं जू वर उचललं जातं, बैलांचे गळे आवळतात, आणि गाडी जागची हलत नाही. तिला म्हणायचं गाडी उलाळ झाली. मग गाडीवान काय करतो, तर पोती उतरवत नाही. स्वतः उठून पुढे जाऊन बसतो. बापूंचं सगळं तत्त्वज्ञान या एका उठून पुढे बसण्यात होतं. जगात काहीही बिनसलं की त्यांचं निदान ठरलेलं: "सगळी एकाच अंगाला बसल्यात. उलाळ व्हनार न्हाई तर काय!" गावात सगळे एका पुढाऱ्याच्या मागे गेले की बापू दुसऱ्याच्या सभेला जात. आणि सगळं गाव देव मानतं म्हणून बापू मानत नसत. निदान त्यांचं म्हणणं तरी असं होतं.

गावाच्या बाजूने गाडीत बसायला होते गेनबाअण्णा. बापूंचे बालमित्र. हडकुळे, उंच, चालताना जरा पुढे झुकलेले, सतत कुणाच्या तरी पाया पडायच्या तयारीत असल्यासारखे. त्यांचं घर भैरवनाथाच्या देवळाच्या अगदी समोर. देवळाच्या दिवाबत्तीचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. वडिलांनंतर रोज संध्याकाळी तेच दिवा लावत. दिवा लावून, घंटा वाजवून, तेलाचा हात तसाच पोटरीला पुसत ते बापूंच्या ओट्यावर येत. ते कोपऱ्यावर दिसले की बापू खुर्चीतूनच हाळी देत: "देव न्हाई!" आपण रामराम म्हणतो तसं. गेनबाअण्णा तिकडून ओरडत: "हाय!" एवढं झालं की शेवंताकाकी, म्हणजे बापूंच्या मंडळी, आतून चहाचं आधण चढवत. "ह्यांचा देव न्हाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "आन् ह्यांची चप्पल बी कदी जाग्यावर न्हाई. दोनी मीच हुडकायचं."

मग वाद सुरू व्हायचा. गेनबाअण्णा बापूंना लहानपणापासून 'देवा' म्हणत, आणि त्यांचा पहिला डाव नेहमी तोच. "देव न्हाई म्हन्तोस, मग मी 'देवा' म्हनून हाक मारल्यावर ओ कोन देतं?" बापू म्हणत, "उसनं मागायला हाक मारतोस म्हनून ओ देतो. तुजा भैरोबा शाना हाय, त्यो देतच न्हाई." अण्णांचा हुकमी एक्का आंब्याच्या कोयीचा. "एवढ्याशा कोयीत एवढं झाड कुनी घातलं? सांग!" बापू म्हणत, "कोयीनं. तिचं घर हाय, ती काय बी ठिवंल." मग "इज्ञानाचं तू सांग रं," असं म्हणून माझ्याकडे चेंडू यायचा. मी कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करतो. तेवढ्या भांडवलावर मी विश्वाचा जन्म, महास्फोट, अणुरेणू असं जे काय आठवेल ते सांगायचो. महास्फोटाची गोष्ट अण्णांनी एकदा मन लावून ऐकली आणि विचारलं, "एवढा मोठा फटाका फुटला, तर वात कुनी पेटिवली?" मी म्हणालो, शास्त्रज्ञ त्याचाच शोध घेतायत. अण्णा समाधानाने म्हणाले, "गावला की सांग. त्यो आमचाच मानूस निगंल."

नास्तिक म्हणून माझी कामगिरी यथातथाच होती. एकदा वाद ऐन रंगात आला असताना मी मांडी ठोकून गरजलो, "देवाशपथ सांगतो अण्णा, देव नाही!" गेनबाअण्णा हसता हसता ओट्यावरून खाली घसरले. बापूंनी कपाळाला हात लावला. "आसल्या बैलावर शेती करतुया मी," ते काकींना म्हणाले. खरी गोष्ट अशी होती, की माझ्या कपाटात, शर्टांच्या मागे, आईने दिलेला पितळी गणपती होता. सकाळी दार लावून, कपाट उघडून, मी त्याला चोरून उदबत्ती दाखवायचो आणि वास जावा म्हणून नंतर अंडं तळायचो. देवाची इतकी गैरसोय कुठल्याही खऱ्या नास्तिकाने केली नसेल.

आमच्या कंपनीत एकदा बाहेरची एक बाई आली आणि तिने सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटून 'माझ्या आयुष्याचा उद्देश' लिहायला लावला. मी बराच वेळ पेन चावून शेवटी 'प्रगती' असं लिहिलं; शेजारच्याने माझं बघून तेच लिहिलं. संध्याकाळी तोच प्रश्न मी ओट्यावर टाकला. माणूस कशासाठी जगतो? बापू म्हणाले, "बैलाला इचार, का चाललायस बाबा? त्यो म्हनंल, मागं गाडी हाय म्हनून." गेनबाअण्णा म्हणाले, "आरं बैला, पुढं बाजार हाय म्हनून!" दोघं एकमेकांकडे बघून खूश झाले. मी विचारलं, "आणि मी?" दोघांनी एका सुरात सांगितलं, "तू गाडीखालचं कुत्रं. तुला वाटतंय, तूच वढतुयास."

असे आमचे दिवस मजेत चालले होते. मग गेनबाअण्णांच्या मंडळी, हौसावहिनी, आजारी पडल्या. दुखणं लांबलं. त्या काळात अण्णा ओट्यावर यायचे, पण वाद घालायचे नाहीत. चहा घेऊन लगेच उठायचे. दिव्यात तेल जास्त घालायला लागले होते. बापूंनीही हाळी द्यायची बंद केली होती. "आता नको," ते मला म्हणाले. "आता त्येची सगळी मदार त्या भैरोबावर हाय. आपन धक्का लावायचा न्हाई." पण वहिनी गेल्याच.

सुतक फिटल्यावर एका संध्याकाळी अण्णा ओट्यावर आले. हाताला तेल नव्हतं. बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाले, "देवा, तुजं खरं हाय. देव न्हाई."

इथे माझ्या हातून जे झालं ते लिहिताना आजही माझे कान गरम होतात. मला वाटलं, आमच्या पक्षात एक मोठा माणूस येतोय, त्याचं स्वागत केलं पाहिजे. कंपनीत नवीन माणूस आला की आम्ही करतो, तसा मी उठून हात पुढे केला आणि म्हणालो, "वेलकम, अण्णा!"

माझा हात तसाच हवेत राहिला. अण्णांनी तो पाहिलासुद्धा नाही. बापूंनी मात्र पाहिला. मग ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "वर जा. आन् जाताना ह्यो हात बी घिऊन जा."

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला खाली उतरलो, तर बापूंसमोर शेंगांचा वाडगा तसाच भरलेला. मी चाचरत म्हणालो, "बापू, पण आपण जिंकलो ना?" इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी भांडले ती समोरच्याने कबूल केली, आणि म्हातारा मात्र बैल मेल्यासारखा बसलेला. "आरं, त्यो वादात हारला आस्ता तर जितलो आस्तो," बापू म्हणाले. "त्यो दुःखानं हारलाय. आन् दुःखानं पाडलेल्या मान्साच्या छातीवर बसायचं, ह्येला जितनं म्हनत्यात व्हय?" मग वाडगा बाजूला सारून, "गाडी उलाळ झाली. मला उठून पुढं बसाया पायजे."

आणि त्या संध्याकाळपासून चांदे गावाने एक नवलच पाहिलं. देवरामबापू ओट्यावर बसून देव आहे असं सिद्ध करू लागले.

त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. जन्मभर दुसऱ्या अंगाला बसलेला माणूस. त्यांच्याकडे स्वतःची एकही युक्ती नव्हती. त्यांनी अण्णांचीच उसनी घेतली. "गेन्या, कोयीत झाड कुनी घातलं, सांग की." अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "कोयीनं. तिचं घर हाय." बापू माझ्याकडे बघायला लागले. मी मदतीला धावलो, "अण्णा, पण महास्फोटाची वात—" "वात आपोआप पेटली आसंल," अण्णा म्हणाले. "शास्त्रज्ञ बघत्यात न्हवं?" बापू हताश होऊन म्हणाले, "माजीच कुऱ्हाड, माज्याच पायावर!" पण अण्णा हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

वाद हरण्याचं बापूंना काही नव्हतं. त्यांची काळजी वेगळीच होती. अण्णा देवळात जायचे थांबले होते. सुतकात शेजारच्या एकाने दिवा लावला. पुढे अण्णा जातील म्हणून त्याने ते काम सोडलं, आणि अण्णा गेले नाहीत. संध्याकाळी दारातल्या खाटेवर देवळाकडे पाठ करून पडून राहायचे. गावात कुजबुज सुरू झाली, की मान आता दुसऱ्या घराला द्यावा. गाव वाईट नव्हतं. देव अंधारात ठेवायचा कसा, एवढंच त्यांचं म्हणणं. "मान गेला, तर गेन्या खाटंवरनं उठायचाच न्हाई," बापू म्हणाले. "वहिनी गेली. आता मागं तेवढीच गाडी ऱ्हायलीया. ती बी सोडली, तर बैल चालंल कशाला?"

दिवेलागणीला ते मला म्हणाले, "चल. तू नास्तिक हायस, तुज्यावर कुनाला संशय यायचा न्हाई." हातात एक वाटी, वर झाकण. देवळाच्या पायरीवर कुणी तरी विचारलं, बापू तुम्ही इकडे कुठे? "गेन्यानं धाडलंय," बापू म्हणाले. "त्येचं पाय दुखत्यात." आत गेलो. बापूंनी दिव्यात तेल ओतलं, खिशातून एक चिंधी काढली, ती बहुधा त्यांच्या जुन्या बंडीची होती, आणि वात म्हणून तेलात बुडवली. मग भैरवनाथाच्या पितळी मुखवट्याकडे बघून म्हणाले, "ह्ये बग. तू न्हाईस, ह्ये तुला बी म्हाईत हाय आन् मला बी म्हाईत हाय. पर गेन्याचं अजून नक्की न्हाई. तवर तेल घे."

दिवा पेटला. आणि माझे हात, माझ्या परवानगीशिवाय, छातीशी जोडले गेले. डोळेही मिटले. उघडले तेव्हा बापू माझ्याकडे बघत होते.

"खाली घे हात," ते म्हणाले. "खोली नास्तिकाला दिलीया." मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर म्हणाले, "र्‍हाऊ दे. पहिल्याच दिवशी उदबत्तीचा वास आला व्हता. वर अंडी तळतोस, देवाला आंब्लेटाचा निवद दावल्यागत! भाईर काढ त्या गनपतीला कपाटातनं, गुदमरलं बिचारं."

मी म्हणालो, "म्हणजे बापू, तुम्ही मानता?"

"गनपतीला न्हाई मानत. गुदमरन्याला मानतो."

असे आम्ही रोज जाऊ लागलो. आणि रोज दिवा आधीच्या दिवसापेक्षा वाईट लागायचा. त्या वाटीत काकींनी भजी तळून उरलेलं तेल असायचं. चिंधी भसाभसा जळायची, धूर व्हायचा, गाभाऱ्यात कांदाभज्यांचा वास घमघमायचा. घंटा तर बापू अशी बडवायचे, की शाळा सुटल्यासारखं वाटावं. समोर खाटेवर पडलेले गेनबाअण्णा घंटा ऐकून कूस बदलताना मला दिसायचे. भैरवनाथाच्या मुखवट्यावर काजळी धरली. एका संध्याकाळी मला ते बघवेना. मी खिशातला रुमाल काढून मुखवटा पुसायला गेलो. काजळी निघाली नाही, पसरली. आधी नुसते गाल काळे होते, आता देवाला कानापासून कानापर्यंत दाढी आली. भैरवनाथ एखाद्या चित्रपटातल्या दरोडेखोरासारखा दिसायला लागला. मी घाबरून आणखी जोरात घासलं, माझा धक्का दिव्याला लागला, चिंधी भडकली आणि गाभारा धुराने भरला. मी खोकतोय, बापू खोकतायत, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला,

"कोन हाय रं तितं? काय चालवलंय ह्ये? भैरोबाच्या डोळ्यांत धूर चाललाय! चुरचुरत्याल की डोळं त्येचं!"

गेनबाअण्णा उंबऱ्यात उभे होते. बापूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. खोकला आवरला आणि गोड आवाजात विचारलं,

"कुनाचं?"

अण्णा हाताने धूर सारत आत आले.

"डोळं कुनाचं म्हनलास, गेन्या?"

"तुजं!" अण्णा कडाडले. "तुजं डोळं फुटल्यात का म्हनलो! सरक तिकडं." त्यांनी बापूंना खांद्याने बाजूला सारलं, चिंधी चिमटीत धरून वर उचलली. "ही वात हाय का लंगोट?" मग दिव्याचा वास घेतला. "भज्याचं तेल? देवापुढं भज्याचं तेल?"

"मग? त्येला काय भजी आवडत नस्त्याल?"

आणि गेनबाअण्णा हसले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. खांदे हलवून, धूर खात, खोकत हसले, आणि हसता हसता कुठल्या तरी क्षणी ते रडायला लागले. कुठल्या, ते त्या धुरात आम्हाला कळलं नाही. मग डोळे पुसून घरी गेले आणि चिंचेचा एक गोळा घेऊन आले. पितळ उजळायला चिंच लागते. देवळाच्या फरशीवर बसून त्यांनी मुखवटा मांडीवर घेतला आणि लहान पोराचं तोंड पुसावं तसा कपाळापासून घासायला लागले. "हौसाच सोलून ठिवायची दर खेपंला," ते म्हणाले. "ह्यो तिच्या हातचा शेवटचा गोळा." चिंचेच्या पाण्याखालून आधी नाक चमकलं, मग मिशा, मग डोळे.

परतताना मी बापूंना विचारलं, "तुम्ही मुद्दाम करत होता का हो?" बापू निरागसपणे म्हणाले, "मी नास्तिक मानूस. मला काय म्हाईत, वात कशी आस्ती?" पुढे कधी तरी हे मी शेवंताकाकींना सांगितलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आरं, लगीन झाल्यापास्नं घरातल्या समद्या वाती ह्येच वळत्यात. माज्या हातच्या ढिल्या व्हत्यात म्हनं!"

दुसऱ्या दिवशी घंटा नीट वाजली, सावकाश, ओळखीची. अण्णा कोपऱ्यावर दिसले, पोटरीला तेल पुसत. बापू खुर्चीत जवळजवळ उभे राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "देव न्हाई!" किती दिवसांचं तुंबलेलं मोकळं झालं.

अण्णा 'हाय' म्हणाले नाहीत. ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "हाय का न्हाई, ते मलाबी आता नीट म्हाईत न्हाई, देवा. पर दिवा हाय. दिव्यापुरता तरी त्यो आसंल."

"तेवढा बास," बापू म्हणाले. "वादाला पुरतो."

पुढची काही वर्षं पुरला. माझा गणपती कपाटातून खिडकीत आला, आणि मी पगारी नास्तिकाचा बढती मिळून आस्तिक झालो. दोघांविरुद्ध एकटे लढताना बापू जास्तच खुलायचे. एका सकाळी काकी चहा घेऊन बाहेर आल्या, तर बापू खुर्चीत मांडी घालून, हातात न फोडलेली शेंग धरून गेले होते. त्रास नाही, निरोप नाही. वाद अर्धा टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. या एकाच वेळी उठले.

बापूंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की माझ्या मागे क्रियाकर्म करायचं नाही. "कावळ्याला भात जरूर घाला. पर माज्या नावानं नको, त्येच्या भुकेच्या नावानं घाला." पण माणूस गेल्यावर त्याचं कोण ऐकतं? भावकी जमली. असं कसं चालेल, लोक काय म्हणतील, आत्मा घुटमळेल. काकी एकट्या पडल्या. मीही मध्ये तोंड घालून बघितलं, पण भाडेकरूचं मत ते किती! सगळे एका अंगाला झाले, तेव्हा गेनबाअण्णा उठले. सगळ्या गावात देवाचा म्हणून ओळखला जाणारा माणूस. सगळ्यांना वाटलं, आता हे शास्त्र सांगतील. अण्णा जाऊन काकींच्या शेजारी बसले.

"गाडी उलाळ व्हाया लागली, म्हनून हितं बसलो," ते म्हणाले. "ह्येला देव नव्हता. तरी माजा देव मी टाकला, तवा ह्यानं सांभाळला. भज्याच्या तेलानं का हुईना, पर इजू दिला न्हाई. आता ह्येचं 'न्हाई' हाय, ते मी सांभाळनार. कुनाला काय म्हनायचं आसंल, तर मला म्हना."

क्रियाकर्म झालं नाही. दहाव्याला काकींनी परातभर कांदाभजी केली, ताज्या तेलात, आणि आल्यागेल्याला वाढली. कावळे न बोलावता आले आणि पोटभर जेवून गेले. भावकीने त्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढला. बापू असते तर म्हणाले असते, "कशावरनं?"

त्यानंतर कितीतरी दिवस ओटा मुका होता. मग एका संध्याकाळी घंटा झाली, अण्णा आले, आणि जागेवर न बसता उभेच राहिले. बापूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "बस तितं."

"मी?"

"मग कोन? दोघं बी देवाच्या अंगाला बसलोय. शेवंतावहिनी, चा टाका! ह्यो आज नास्तिक हाय."

मी बसलो. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मांडी घालायला गेलो, तर एक गुडघा आत आणि एक बाहेर राहिला. तसाच अडकून मी म्हणालो, "देव नाही."

"आसं बारीक न्हाई. भैरोबाला आयकू गेलं पायजे. बापू कसा म्हनायचा?"

मी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. गणराया, मनात म्हटलं, तुझे कान मोठे आहेत, तासभर झाकून घे. मग छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, "देव न्हाई!"

गेनबाअण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. किती तरी दिवसांनी त्यांचे डोळे चिंचेने घासल्यासारखे चमकत होते. पुढे सरसावून, मांडीवर थाप मारून त्यांनी विचारलं,

"कशावरनं?"